साल जुने, बिअर कशी? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

स्ट्राँग आणि वर्षानुवर्षे साठवून ठेवलेल्या बिअरविषयी जी पत्रे आली आहेत, त्यांतील बरीचशी एकाच अनुभवातून लिहिलेली दिसतात. वाचक विशेष बिअर ठेवणाऱ्या बारमध्ये गेले, यादीत बाटलीपुढे साल छापलेले पाहिले, मोठ्या अपेक्षेने ती मागवली, आणि मग ग्लासात जे आले ते मुरलेले म्हणावे की बिघडलेले, हे त्यांना ठरवता आले नाही. त्यांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहे. जागेअभावी काही प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत.

प्रश्न: एका बारमध्ये मी दहा वर्षांपूर्वीची बार्लीवाइन (नाव वाइनचे असले तरी ही स्ट्राँग बिअरच) मागवली. तिला फेस जवळजवळ नव्हता आणि चव भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लागली. तक्रार केल्यावर ‘जुनी बिअर अशीच असते’ असे उत्तर मिळाले. ते खरे मानावे का?

उत्तर: फेसापुरते खरे आहे, पुठ्ठ्यापुरते नाही. अकरा-बारा टक्के अल्कोहोल असलेल्या बिअरवर फेस मुळातच फार वेळ धरत नाही, कारण एवढे अल्कोहोल बुडबुड्यांना टिकू देत नाही. शिवाय बार्लीवाइनमध्ये वायूही बेताचाच असतो. त्यामुळे ओतल्यावर ग्लासच्या कडेने एक बारीक कडे उमटले आणि मिनिटभरात विरले, तर त्यात वावगे काही नाही.

पुठ्ठ्याची गोष्ट वेगळी आहे. बाटली कितीही काळजीने भरली तरी थोडा ऑक्सिजन आत राहतोच, आणि टोपणाच्या अस्तरातून किंवा बुचातून तो पुढेही अगदी सूक्ष्म प्रमाणात झिरपत राहतो. पुठ्ठ्याच्या चवीला मुख्यतः जबाबदार धरले जाणारे ट्रान्स-२-नोनेनाल हे संयुग माल्टमधील (मोड आणून वाळवलेल्या धान्यातील) स्निग्ध पदार्थांच्या ऑक्सिडेशनातून येते, आणि अब्जात एका भागापेक्षाही कमी प्रमाणात असले तरी जिभेला ते कळते. बिअर उबेत राहिली की ते लवकर जाणवू लागते. मात्र त्याच बाटलीत, त्याच काळात, गडद माल्टमधील घटक आणि अल्कोहोल यांच्यातही बदल घडत असतात आणि त्यांतून शेरी, मनुका, मध, टॉफी, कधी बदाम अशा चवी तयार होतात. म्हणजे जुन्या बिअरमध्ये ऑक्सिडेशन झाले आहे की नाही हा प्रश्नच नसतो, ते झालेलेच असते. ते कोणत्या दिशेने गेले एवढेच पाहायचे असते.

हा फरक मला एकदा फार जवळून पाहायला मिळाला. एकाच ब्रुअरीची, एकाच सालची बार्लीवाइन होती. एक बाटली सतत थंड तळघरात राहिलेली, दुसरी कुठल्याशा दुकानाच्या वरच्या फळीवर दिव्याच्या उबेत काही उन्हाळे काढून आलेली. दोन्ही शेजारी शेजारी ओतल्या तेव्हा रंगात फारसा फरक नव्हता, दोन्ही जुन्या तांब्यासारख्या. पहिलीच्या वासात खजूर आणि शेरी होती, घोट जिभेवर पसरत गेला, गोडवा शेवटी थोड्या तुरटपणात मिटला आणि घशाखाली गेल्यावरही ऊब रेंगाळत राहिली. दुसरीत गोडवा होता तसाच होता, पण त्याच्या मध्यभागी पोकळी होती; घोट सुरू झाल्यासारखा वाटला आणि अचानक संपला, मागे उरला तो फक्त कोरडा कागद. वय दोघींचे सारखेच होते. तुमच्या बाटलीचे बहुधा असेच काही झाले असावे. रासायनिक क्रियांचा वेग तापमानात १० अंश सेल्सिअसची वाढ झाली की ढोबळमानाने दुप्पट होतो, हे लक्षात घेतले तर उबेतली पाच वर्षे म्हणजे तळघरातली कितीतरी जास्त वर्षे झाली.

तेव्हा पुढच्या वेळी ‘बाटली किती जुनी आहे’ यापेक्षा ‘ती तुमच्याकडे कधी आली, आणि त्याआधी कुठे होती’ हे विचारावे. चांगल्या बारमध्ये याचे उत्तर तयार असते, आणि बाटली थेट ब्रुअरीच्या तळघरातून आली असेल तर ते न विचारताच सांगतात. उत्तर देताना वाढणारा अडखळला तर त्या यादीतली नवी बाटली मागवण्यात कमीपणा नाही.

प्रश्न: कोणतीही बिअर ठेवून दिली की मुरते का?

उत्तर: नाही. बहुतेक सगळ्या बिअर ताज्याच चांगल्या लागतात. पिल्सनर, गव्हाची बिअर आणि विशेषतः हॉप्सच्या (बिअरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांच्या) सुगंधावर उभी असलेली आयपीए यांना साठवणे म्हणजे त्यांचे वाटोळे करणे आहे. हॉप्सचा सुगंध सगळ्यांत आधी जातो, कडूपणा हळूहळू बोथट होतो आणि खाली जे उघडे पडते ते एकटे उभे राहण्यासाठी घडवलेलेच नसते.

मुरण्यासाठी बिअरजवळ काहीतरी शिदोरी लागते. ती अल्कोहोलची असू शकते (साधारण आठ टक्क्यांच्या पुढे ते संरक्षक म्हणून काम करू लागते), गडद माल्टची असू शकते, न आंबलेल्या उरलेल्या साखरेची असू शकते, किंवा आंबटपणाची. बाटलीत जिवंत यीस्ट असेल तर आणखी उत्तम, कारण बाटलीत पुन्हा आंबताना ते आत राहिलेला ऑक्सिजन बराचसा वापरून टाकते. इंग्लिश बार्लीवाइन आणि ओल्ड एल (एल म्हणजे उबेत आंबवलेली बिअर, लागर म्हणजे थंडीत आंबवलेली), इंपीरियल स्टाउट, जर्मन डॉपेलबॉक आणि आइसबॉक, बेल्जियमच्या मठांतील गडद स्ट्राँग एल, हे सगळे या हिशेबात बसतात. रोशफोर १० या बेल्जियन बिअरमध्ये ११.३ टक्के अल्कोहोल असते आणि ती काही वर्षांत स्पष्टपणे गोलाई धरते.

अल्कोहोलच्या हिशेबात न बसणारे दोन अपवाद मला फार प्रिय आहेत. पहिला गोझ. एक, दोन आणि तीन वर्षे पिंपात राहिलेल्या लॅम्बिकचे (जंगली यीस्टने आंबलेल्या आंबट बेल्जियन बिअरचे) मिश्रण करून ती बाटलीत भरतात; अल्कोहोल पाच-सहा टक्क्यांच्या आसपास, तरी आंबटपणा आणि जंगली यीस्ट यांच्या जोरावर ती दशकभर, कधी त्याहूनही जास्त, टिकते. दुसरा अपवाद ऑर्वाल. तिच्या लेबलवर अल्कोहोल ६.२ टक्केच असते, पण बाटलीत ब्रेटानोमायसिस हे यीस्ट काम करत राहते. ताज्या ऑर्वालमध्ये हॉप्स पुढे असतात. वर्षभराने त्या मागे सरतात आणि चामडे, वाळलेले गवत, थोडी माती असा वास वर येतो, आणि घोट अधिकाधिक कोरडा होत जातो. या दोन्हींपैकी कोणती चांगली यावर भांडणारे लोक आहेत, आणि दोघांचेही बरोबर आहे.

प्रश्न: बिअर इतकी वर्षे ठेवण्याची ही पद्धत अलीकडची आहे का?

उत्तर: उलट, ती जुनी आहे आणि मध्यंतरी विसरली गेली होती. इंग्लंडमधील बर्टन-अपॉन-ट्रेंट हे स्ट्राँग एलचे मोठे केंद्र होते. तेथील ऑलसॉप या ब्रुअरीने १८५२ मध्ये ध्रुवीय प्रदेशातील मोहिमेसाठी आर्क्टिक एल बनवली, कारण अल्कोहोल आणि साखर जास्त असलेली बिअर कडाक्याच्या थंडीत सहजी गोठत नाही. त्याच गावातील बासच्या ब्रुअरीत १९०२ मध्ये राजा सातवा एडवर्ड याच्या हस्ते किंग्ज एलचा आरंभ झाला आणि तिच्या बाटल्या शंभर वर्षांनंतरही उघडल्या गेल्या आहेत. बासच्याच तळघरात १८६९ सालच्या रॅटक्लिफ एलच्या बाटल्या २००६ मध्ये पुढे आल्या.

आधुनिक काळात साल लिहून विकण्याची आवड रुजवण्यात डॉर्चेस्टरच्या एल्ड्रिज पोप या ब्रुअरीने १९६८ मध्ये काढलेल्या थॉमस हार्डीज एलचा मोठा वाटा आहे; तिच्या लेबलवर ती पंचवीस वर्षे सुधारत राहील असे छापलेले असे. अमेरिकेत अँकरची ओल्ड फॉगहॉर्न १९७५ मध्ये आणि सिएरा नेवाडाची बिगफूट १९८३ मध्ये आली. दर वर्षी साल बदलून निघणाऱ्या इंग्लिश बाटल्यांत जे. डब्ल्यू. लीसची हार्वेस्ट एल १९८६ पासून आणि फुलर्सची व्हिंटेज एल १९९७ पासून आहे. आज बारमध्ये एकाच बिअरची चार-पाच साले एका ओळीत मांडून चाखता येतात ती अशा बाटल्यांमुळे.

प्रश्न: बिअर इतकी स्ट्राँग करतात तरी कशी? त्यात वरून दारू मिसळतात का?

उत्तर: मिसळत नाहीत. अल्कोहोल साखरेतून येते, म्हणून आधी माल्ट जास्त घेऊन गोड अर्क घट्ट काढावा लागतो. पूर्वी इंग्लंडमध्ये एकाच माल्टवर दोनतीनदा पाणी घालून अर्क काढत. पहिला, सर्वांत दाट अर्क स्ट्राँग एलसाठी आणि नंतरचे पातळ अर्क रोजच्या हलक्या बिअरसाठी वापरत. पुढे तो अर्क तासन्‌तास उकळला की पाणी कमी होते, रंग गडद होतो आणि टॉफीसारखी चव येते. खरी अडचण यीस्टची असते. साखर फार असली की त्याला सुरुवात करणे जड जाते, आणि अल्कोहोल दहा-बारा टक्क्यांवर पोचले की बिअरचे नेहमीचे यीस्ट आपल्याच कमाईत गुदमरू लागते. घाईने आणि उबेत आंबवले तर झणझणीत वासाची जड अल्कोहोले तयार होतात. नव्या स्ट्राँग बिअरमध्ये नाकात शिरणारा जो झणका कधीकधी जाणवतो तो त्यांचा, आणि तो सौम्य होण्यासाठी थांबणे हेच मुरवण्याचे एक मोठे कारण आहे.

सामिक्लाउस ही १४ टक्क्यांची लागर याचे चांगले उदाहरण आहे. झुरिकच्या ह्युर्लिमान ब्रुअरीत ती सुरू झाली, आता ऑस्ट्रियाच्या एगेनबेर्ग येथे बनते. वर्षातून एकदाच, ६ डिसेंबरला, ती बनवतात आणि सुमारे दहा महिने थंडीत मुरू दिल्यावरच बाटलीत भरतात. आइसबॉकचा मार्ग निराळा: तयार बिअर गोठवायची आणि पाण्याचा बर्फ बाजूला काढायचा, म्हणजे उरलेले सगळे आपोआप दाट होते. सॅम्युअल ॲडम्स या अमेरिकी ब्रुअरीची युटोपियास तर २८ टक्क्यांच्याही पुढे गेली आहे. तिच्यात वायू नसतो आणि ती पिताना बिअरपेक्षा पोर्ट वाइनचीच आठवण अधिक येते.

प्रश्न: आम्ही चार मित्र एकाच बार्लीवाइनची पाच साले एका बैठकीत चाखणार आहोत. आधी जुनी घ्यावी की नवी?

उत्तर: याला एकच उत्तर देणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही, कारण ते बिअरवर अवलंबून आहे. बिगफूटसारखी हॉप्सने भरलेली बार्लीवाइन असेल तर नवी बाटली आधी घेणे चूक ठरते; तिचा कडूपणा जिभेवर असा बसतो की नंतरच्या जुन्या, मवाळ बाटल्या पाणचट वाटतात. अशा वेळी जुन्याकडून नव्याकडे यावे. लीसच्या हार्वेस्ट एलसारखी माल्टप्रधान, गोडसर बिअर असेल तर नव्याकडून जुन्याकडे जावे, कारण मूळ चव काय होती हे तोंडात असल्याशिवाय पुढच्या सालांनी तिचे काय केले हे कळत नाही.

शक्य असेल तर पाचही साले एकदमच ओतून घ्यावीत. प्रत्येकी पन्नास-साठ मिलिलिटर पुरते. घोट घेण्याआधी सगळ्यांचा रंग उजेडासमोर धरून पाहावा. फिकट बार्लीवाइन वयाबरोबर गडद होत जाते, तर फार काळ राहिलेल्या बाटलीत कधी गढूळपणा किंवा तळाशी बारीक पापुद्रे दिसतात. मग सगळ्यांचे वास एकामागोमाग घ्यावेत, पहिला वास ग्लास न हलवता, दुसरा हलकेच फिरवून. दोन वासांत फरक असतो आणि तो फरकच पुष्कळ सांगून जातो. बंद बाटलीत कोंडलेला, किंचित गंधकासारखा दर्प कधीकधी पहिल्या मिनिटात असतो आणि हवा लागताच उडून जातो, त्यावरून बाटली नापास करण्याची घाई करू नये.

घोट घेताना तो जिभेच्या टोकावरून लगेच मागे ढकलू नये. तोंडात थोडा थांबवून नाकातून श्वास सोडला की जे वास नुसत्या नाकाला सापडले नव्हते ते वर येतात. मनातल्या मनात तीन गोष्टींची नोंद ठेवावी: सुरुवातीला काय जाणवले, मध्ये अंग भरलेले होते की पोकळ, आणि शेवट किती लांबला. जुन्या बिअरमध्ये सर्वांत आधी ढासळते ते हे मधले अंग. वासावर मोहून गेलेला माणूस तिथेच फसतो.

पाचपैकी तिसरे किंवा चौथे साल सगळ्यांना आवडते आणि सर्वांत जुने आदराने बाजूला ठेवले जाते, असे माझ्या पाहण्यात अनेकदा आले आहे. तुमच्या बैठकीत तसे झाले तर लाजू नका. आणि हो, सालांचे क्रमांक झाकून एकदा चाखून पाहा. लेबल दिसत असताना सर्वांत जुन्या बाटलीला जो मान मिळतो, तो ते झाकल्यावर बरेचदा मिळत नाही.

प्रश्न: अशा बिअर किती थंड असाव्यात? आम्हाला बर्फगार ग्लासात वाढली.

उत्तर: ग्लास बदलून मागावा. फार थंडीत वास दबतो, गोडवाही दबतो आणि उरते ते अल्कोहोल आणि कडूपणा. स्ट्राँग एल आणि इंपीरियल स्टाउट १२ ते १४ अंशांना आपले सगळे सांगू लागतात. गोझ त्याहून थोडी थंड चालते. ग्लास ट्यूलिपच्या किंवा ब्रँडीच्या ग्लासाच्या आकाराचा, वर निमुळता होणारा असावा आणि एक-तृतीयांशच भरावा, म्हणजे वास साठायला जागा राहते. बिअर फार थंड आलीच तर ग्लास दोन्ही तळहातांत धरून दहा मिनिटे गप्पा माराव्यात, एवढाच इलाज.

प्रश्न: यादीतले साल नेमके कशाचे असते? बाटली भरल्याचे की ‘यापूर्वी वापरावी’ असे छापलेले?

उत्तर: हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि सर्वांनी विचारायला हवा. ज्या बिअर वार्षिक म्हणूनच निघतात त्यांच्या लेबलवरचे साल ती बनवल्याचे किंवा भरल्याचे असते, तेथे गोंधळ नाही. परंतु बेल्जियमच्या अनेक बाटल्यांवर फक्त ‘यापूर्वी वापरावी’ ही तारीख असते, आणि ही मुदत प्रत्येक ब्रुअरीची वेगळी असते. त्यामुळे टोपणावर २०१८ दिसले म्हणून ती बाटली २०१८ची ठरत नाही, ती कित्येक वर्षे आधीची असू शकते. ऑर्वाल याबाबतीत सज्जन आहे: तिच्या लेबलवर भरल्याची तारीख आणि त्यानंतर पाच वर्षांची मुदत, दोन्ही छापलेल्या असतात. शिमेच्या निळ्या लेबलाच्या मोठ्या, बुचाच्या बाटल्यांवर साल ठळक असते.

बारच्या यादीत हे दोन्ही प्रकार एकाच रकान्यात सरमिसळ झालेले मी पाहिले आहेत. जुन्या बिअरच्या लांबलचक यादीसाठी जगभर नाव झालेल्या अँटवर्पच्या कुल्मिनेटरसारख्या बारला आपल्या प्रत्येक बाटलीचा इतिहास ठाऊक असतो. सगळीकडे तशी अपेक्षा धरता येत नाही. म्हणून उघडण्यापूर्वी बाटली मेजावर आणून दाखवायला सांगावी, आणि ती हातात आल्यावर बिअरची पातळी पाहावी. पातळी मानेपासून खूप खाली गेलेली असेल, किंवा बुचाभोवती चिकट ओघळ सुकलेला असेल, तर ती गळलेली आहे. काचेचा रंगही पाहावा. तपकिरी काच उजेड बराचसा अडवते, हिरवी फारसा अडवत नाही, आणि उजेड लागलेल्या हॉप्समधून जो उग्र, जंगली प्राण्याच्या अंगासारखा वास तयार होतो तो कितीही मुरवला तरी जात नाही.

प्रश्न: तळाचा गाळ ओतावा का?

उत्तर: नवी बाटली असेल तर आपली आवड. जुनी असेल तर ओतू नये. वर्षानुवर्षे तळाशी पडून राहिलेले यीस्ट मरून विघटित होते आणि त्यातून सोया सॉस किंवा मांसाच्या रश्शासारखी चव उतरते. थोडीशी असली तर इंपीरियल स्टाउटला ती शोभतेही, पण गाळ ढवळून ग्लासात आला की दुसरे काही लागतच नाही. बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवलेली असावी, एकाच संथ धारेत सगळे ग्लास भरावेत आणि तळाचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्यावा. आडवी साठवलेली गोझ वेताच्या टोपलीत तशीच आडवी आणून उघडतात, ती याचसाठी.

प्रश्न: ‘बॅरल एज्ड’ आणि जुनी बिअर एकच का?

उत्तर: नाही, आणि यादी वाचताना ही गल्लत नेहमी होते. बॅरल एज्ड म्हणजे भरण्यापूर्वी काही महिने पिंपात ठेवलेली. पिंप बहुधा आधी व्हिस्की किंवा बर्बनसाठी वापरलेले असते, त्यातून ओकची व्हॅनिला, नारळासारखा गोड वास, थोडा तुरटपणा आणि आधीच्या दारूचा अंश बिअरमध्ये उतरतो. हे सगळे ब्रुअरीने तुमच्यासाठी करून ठेवलेले असते. बाटली भरली त्या दिवशी ती बिअर पिण्यास तयार असते. बाटलीत मुरणे ही त्यानंतरची, निराळी गोष्ट आहे आणि पिंपातून आलेल्या प्रत्येक बिअरला तिची गरज नसते. माझा अनुभव असा, की बर्बनच्या पिंपातील स्टाउट एक-दोन वर्षांत शांत होते, त्यानंतर पिंपाची चव मागे पडते आणि नुसता गोडवा पुढे येतो.

स्टाउटमध्ये कॉफी, फळे किंवा मसाले घातलेले असतील तर थांबूच नये. कॉफी घातलेली स्टाउट दोन वर्षांनी उघडा, आणि कॉफीच्या जागी कच्च्या ढोबळ्या मिरचीचा वास आला तर आश्चर्य मानू नका. हे ऐकायला विनोदी वाटते, पण एकदा तो वास ओळखला की पुढे प्रत्येक वेळी सापडतो.

प्रश्न: इतक्या लहान ग्लासांतून चाखताना मोजदाद ठेवण्याची खरेच गरज आहे का?

उत्तर: आहे, कारण लहान ग्लासच फसवतात. १२० मिलिलिटरचा एक ग्लास ११ टक्क्यांचा असेल तर त्यात १३.२ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते. असे चार झाले की ५२.८ मिलिलिटर. ५ टक्क्यांच्या साध्या बिअरच्या ३३० मिलिलिटरच्या बाटलीत १६.५ मिलिलिटर असते. म्हणजे ‘नुसते चाखले’ म्हणताना तीन बाटल्यांहून जास्त पोटात गेली. वजनात हे सुमारे ४२ ग्रॅम होते, आणि शरीर ताशी साधारण ७ ते १० ग्रॅमच निपटते, तेव्हा त्या रात्री गाडी चालवण्याचा विचारही नको. बाटली चौघांत वाटून घ्यावी, प्रत्येक ग्लासामागे तेवढेच पाणी प्यावे, आणि जे आवडले नाही ते संपवण्याचा आग्रह धरू नये. चौथ्या ग्लासानंतर जीभही तितकीशी विश्वासू राहत नाही. त्या वेळी केलेल्या नोंदी मी सकाळी वाचतो तेव्हा सगळ्याच बिअर अप्रतिम असतात.

प्रश्न: बारमध्ये उघडलेली मोठी बाटली संपली नाही तर उरलेली घरी नेऊन दुसऱ्या दिवशी पिता येईल का?

उत्तर: बाटली किती जुनी आहे त्यावर आहे. तीन-चार वर्षांची इंपीरियल स्टाउट घट्ट बंद करून थंडीत ठेवली तर दुसऱ्या दिवशी वायू गेलेला असतो, पण चव बऱ्यापैकी शाबूत असते. काहींना ती तशी जास्त मवाळ लागते. पंचवीस-तीस वर्षांच्या बाटलीचे मात्र आयुष्य उघडल्यावर अर्ध्या-पाऊण तासाचे असते. पहिल्या दहा मिनिटांत ती फुलते, त्यानंतर हवा तिला झपाट्याने खाते, आणि बाटली घरी पोचेपर्यंत तिच्यात फिकी, आंबूस साखर उरते. अशी बाटली उघडायची असेल तर बैठकीच्या सुरुवातीलाच उघडावी, सगळे माणसे जमल्यावर, आणि शेजारच्या मेजावर कोणी उत्सुकतेने पाहत असेल तर उरलेला ग्लास त्याला द्यावा.